सांगून दिलेला पेला

मद्य प्यावे की पिऊ नये, या प्रश्नाचा भारतीय धर्मग्रंथांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. परंतु ते कोणी कोणाला, कशात मिसळून आणि काय सांगून द्यावे, या प्रश्नाकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले. घरगुती जीवनात मात्र हा दुसरा प्रश्नच अधिक निकडीचा असतो. 14 फेब्रुवारीच्या संध्याकाळी, म्हणजे व्हॅलेंटाइन डे या नावाने मध्यमवर्गाच्या आता अंगवळणी पडलेल्या सणाच्या दिवशी, उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील एखाद्या सदनिकेत जोडप्यापैकी एक जण संत्र्याच्या रसात व्हिस्की मिसळून दुसऱ्याच्या हाती पेला देतो, तेव्हा त्या कृतीत दोषाचा जो काही अंश असेल तो व्हिस्कीत आहे, पिणाऱ्यात आहे, की देणाऱ्याने सांगितलेल्या वा न सांगितलेल्या गोष्टीत आहे, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या पट्ट्यात हा प्रश्न निव्वळ ग्रंथांतला राहत नाही. अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्याचे गर्भगृह मंडपापेक्षा बरेच खोल असल्याने भाविकाला पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जावे लागते, आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. 2026 मध्ये महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आली, म्हणजे प्रेमिकांच्या सणाला लागूनच. शिवरात्रीच्या व्रतविधीत आदल्या दिवशी एकभुक्त राहण्याची, म्हणजे एकदाच जेवून संयमाने दिवस काढण्याची रीत सांगितलेली आहे. त्यामुळे ज्या घरात व्रत आणि प्रेमदिन दोन्ही पाळले जातात, त्या घरात 14 तारखेची संध्याकाळ दोन्हीकडून ओढली गेली असणार. त्यातही गंमत अशी की ज्या देवाच्या नावाने हा संयम पाळायचा, त्याच देवाने मदनाला भस्म केले आणि पुढे त्याच देवाने गृहस्थाश्रमही स्वीकारला.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे जुलै-ऑगस्टच्या सुमारास झुलेलालाच्या नावाने चालियाचे, म्हणजे चाळीस दिवसांचे व्रत चालते आणि त्या काळात व्रती मद्य-मांसाला शिवत नाही. त्याच शहरातील आणि अंबरनाथमधील बौद्ध वस्त्यांत 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा पाठ असणारी कुटुंबे आहेत, आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्या बावीसांत आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी तर बदलापूरच्या आसपासच्या प्रत्येक गावात भेटतो. एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर या तिन्ही प्रकारची दारे असू शकतात. इतकेच नव्हे तर आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाहामुळे एकाच दारामागे दोन प्रकारचे नियम नांदत असतात. म्हणून अमुक धर्मात मद्य चालते आणि तमुक धर्मात चालत नाही, एवढ्या उत्तराने येथे भागत नाही.

धर्मशास्त्राने दोष प्रथम द्रव्यात शोधला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापानाची गणना महापातकांत, म्हणजे ब्रह्महत्येच्या पंक्तीत केली असून सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळापासून केलेली ती गौडी, धान्याच्या पिठापासून केलेली ती पैष्टी आणि मधापासून वा मोहाच्या फुलांपासून केलेली ती माध्वी. पुढच्या निबंधकारांनी यात आणखी कातरकाम केले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेच्या मते मुख्य सुरा पैष्टीच, ती तिन्ही द्विज वर्णांना वर्ज्य; बाकीची मद्ये ब्राह्मणाला वर्ज्य, क्षत्रिय-वैश्यांना नाहीत. विष्णुधर्मसूत्राने दहा मद्यांची यादी दिली आहे आणि तीत बोर, खजूर, फणस, द्राक्ष, नारळ अशी फळेच जास्त आहेत. हा सर्व पसारा महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात एकत्र मांडला असून तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: दोष ठरवताना कच्चा माल आणि पिणाऱ्याचा जन्म या दोनच गोष्टी शास्त्रकारांनी तराजूत घातल्या आहेत.

हा तराजू आजच्या बाटलीला लावला तर निकाल विचित्र लागतो. स्कॉटलंडमधील माल्ट व्हिस्की सातूपासून, म्हणजे धान्यापासून होते, तेव्हा ती पैष्टी ठरेल. भारतात मात्र माफक किमतीला विकल्या जाणाऱ्या अनेक व्हिस्कींचा मुख्य भाग उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो आणि त्यात थोडे माल्ट मिसळलेले असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा पेयाला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. मळी हा साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट द्रव होय. तेव्हा शास्त्रार्थाने पाहता उल्हासनगरच्या वाईन शॉपमधली स्वस्त व्हिस्की गौडी आणि महागडी विदेशी व्हिस्की पैष्टी, आणि मिताक्षरेचा काटेकोर अर्थ घेतला तर स्वस्त बाटलीचे पाप कमी भरणार! या निष्कर्षाने कोणाचे समाधान होईल असे वाटत नाही. जन्मावरून पापाचे वजन बदलणारी व्यवस्था तर आज विचारातही घेण्याजोगी राहिलेली नाही. द्रव्यात दोष शोधण्याचा मार्ग येथे खुंटतो.

वैद्यकाने दुसरा मार्ग धरला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 84 आसव सांगितले आहेत आणि त्यांपैकी 26 फळांचे आहेत. चिकित्सास्थानात मदात्ययाचे, म्हणजे अतिपानाने होणाऱ्या विकाराचे, स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील भूमिका अशी की योग्य रीतीने, योग्य मात्रेत, योग्य वेळी आणि हितकर अन्नासह घेतलेले मद्य अमृतासारखे असते, तर तेच विधी सोडून घेतले की विषासारखे होते. महाराष्ट्राच्या कायद्याने हीच भूमिका नकळत उचललेली दिसते. 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, विदेशी मद्य बाळगायला आणि प्यायला आजही परवाना लागतो आणि तो आरोग्याच्या जतनासाठी म्हणून दिला जातो. व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी वय 25 पूर्ण असावे लागते. प्रेमाचा उत्सव करणाऱ्या जोडप्यापाशी परवाना असलाच, तर कागदोपत्री ते प्रकृती सांभाळण्यासाठी पीत असते.

आता प्रत्यक्ष पेय पाहू, कारण तात्त्विक प्रश्नाची गाठ त्याच्या कृतीतच आहे. फेब्रुवारीत बाजारात संत्री असतात, महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी असते, नाशिकची द्राक्षे येऊ लागलेली असतात. बदलापूरची जांभळे मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, म्हणून त्यांचा विचार या सणाला करता येत नाही. दोन संत्र्यांचा रस गाळून घ्यावा, त्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि चमचाभर साखरेचा पाक घालावा, आल्याचा छोटा तुकडा ठेचून त्याचे पाणी पिळावे, आणि झाकणाच्या बरणीत बर्फासह 60 मिलिलिटर, म्हणजे एक मोठा पेग, व्हिस्की घालून बरणी बाहेरून गार लागेपर्यंत हलवावी. बर्फ थोडा वितळून पेल्यात साधारण 200 मिलिलिटर पेय उतरते. भारतीय व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण बहुधा 42.8 टक्के असते, तेव्हा त्या पेल्यात सुमारे 25.7 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, वजनाने सुमारे 20 ग्रॅम, असतो. पेयाची तीव्रता 13 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे द्राक्षाच्या वाइनइतकी भरते. माणसाचे यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क निकालात काढते. याचा अर्थ तो एक पेला उतरायला दोन ते तीन तास लागतात. जिभेला मात्र यातले काही कळत नाही. तिला संत्रे लागते, आल्याचा झणका लागतो, पाकाची गोडी लागते, आणि पेला सरबताच्या वेगाने रिकामा होतो.

नुसती व्हिस्की स्वतःची ओळख लपवत नाही. घशाला लागणारी जळजळ हीच तिची ताकीद असते. फळाचा रस ती ताकीद काढून घेतो. सर्वसाधारण समजूत अशी की फळ घातल्याने मद्य सौम्य आणि म्हणून कमी सदोष होते. नीतीच्या दृष्टीने पाहता याच्या नेमके उलट म्हणावे लागते. फळामुळे मद्यार्काचा एक ग्रॅमही कमी होत नाही, फक्त त्याची वार्ता पिणाऱ्यापर्यंत पोहोचेनाशी होते. जिभेचे काम आता मिसळणाऱ्याच्या वाणीने करावयाचे असते. पेल्यात किती घातले, कशात घातले, दुसरा पेला केव्हा द्यायचा, हे सांगण्याचे दायित्व मिश्रण करताक्षणीच त्याच्यावर येते, आणि मिश्रपेयाचा धर्मविचार सुरू होतो तो येथून.

परंपरेतल्या कथांकडे या दृष्टीने पाहिले की त्यांचा रोख बदलतो. महाभारताच्या आदिपर्वात असुरांनी कचाला जाळून त्याची राख सुरेत मिसळली आणि ती शुक्राचार्यांना पाजली. शिष्य आपल्याच पोटात आहे हे कळल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणाच्या मद्यपानाला ब्रह्महत्येचा शाप दिला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'विद्याहरण' हे 1913 चे नाटक याच कथेवर उभे आहे. कथेचा धडा नेहमी मद्यनिषेधाचा म्हणून सांगितला जातो, परंतु तपशील पाहता अपराध मिसळणाऱ्यांचा होता आणि शाप पिणाऱ्यांच्या जातीला मिळाला. शुक्राचार्य संतापले ते स्वतःवर, असुर मात्र फुकटात सुटले. हा अन्याय धर्मशास्त्राने पुढे तसाच चालवला: सुरापानाची प्रायश्चित्ते तपशीलवार रचली, फसवून पाजणाऱ्याकडे मात्र तेवढ्या बारकाईने पाहिले नाही.

उल्हासनगरच्या सिंधी घरांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या काव्यात मोखी नावाच्या मद्यविक्रेतीची कथा येते. तिच्याकडे येणाऱ्या मद्यप्यांना एकदा तिने जुन्या रांजणातले मद्य दिले. त्यात साप पडून विरघळला होता, हे तिला नंतर कळले. ते पिऊन ते आनंदाने गेले. पुढे परत आल्यावर त्यांना दुसरे कोणतेच मद्य रुचेना, तेच पाहिजे म्हणून ते हटून बसले, तेव्हा तिला खरे सांगावे लागले. आणि ते ऐकताच ते मरून पडले. सूफी अर्थाने हे मरण अहंकाराचे मरण आहे आणि मद्य हे ईश्वरप्रेम आहे, हे उघड आहे. तरीही कथेच्या रचनेत एक कठोर निरीक्षण दडलेले आहे: विषाने जे झाले नाही ते कळण्याने झाले. पेल्यात काय होते हे नंतर कळणे हा स्वतंत्र आघात असतो, आणि पेयाने शरीराला काही केले नाही, एवढ्याने तो भरून निघत नाही.

ख्रिस्ती परंपरेत, जिच्या एका संताच्या नावाने हा सण चालतो, तेथेही असाच एक पेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. मेजवानीच्या कारभाऱ्याला तो कोठून आला हे ठाऊक नसते, पाणी भरणाऱ्या सेवकांना मात्र ठाऊक असते. तेथे न कळण्याचा परिणाम आनंदाचा झाला, कारण जे दिले ते अधिक चांगले होते. अर्थात माणसांनी या चमत्काराचा दाखला देऊन गुपचूप मिसळण्याचे समर्थन करू नये. होळीला किंवा शिवरात्रीला ठंडाईत भांग घालून ती अजाण पाहुण्याला देण्याची जी थट्टा चालते, तिला प्रसादाचे नाव दिले तरी ती असुरांचीच रीत होय.

याउलट उदाहरण हवे असेल तर ते कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या आठव्या सर्गात आहे, आणि ते अंबरनाथच्या देवाचेच आहे. गंधमादन पर्वतावर चांदण्या रात्री वनदेवता सूर्यकांतमण्याच्या तांबड्या पात्रातून कल्पवृक्षाचे मद्य घेऊन येते. शिव पार्वतीला आधी सांगतो की ही कोण, तिच्या हातात काय आहे. मग म्हणतो की तुझ्या मुखाला स्वभावतःच सुगंध आहे आणि डोळ्यांत स्वभावतःच लाली आहे, मद्य त्यात आणखी काय भर घालणार. आणि एवढे बोलून झाल्यावरच तो तिला ते पाजतो. पेय काय आहे, कोठून आले, आणि त्याची वास्तविक गरज नाही, हे तिन्ही पेला ओठांना लागण्यापूर्वी बोलून झालेले आहे. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञाला देवदेवतांच्या शृंगाराचे असे वर्णन अनुचित वाटले, कवीच्या प्रतिभेने तो दोष झाकला गेला एवढेच त्याने मान्य केले. त्याचा आक्षेप रसदृष्टीने बरोबर असेलही; नीतिदृष्टीने मात्र त्या प्रसंगातला शिव बहुतेक यजमानांहून सरस ठरतो. मद्याची गरज नाही असे आधी सांगून मग मद्य देणारा प्रियकर विरळाच.

व्हॅलेंटाइन डे ही परकी लागण आहे म्हणून एके काळी मुंबई-ठाण्यात शिवसैनिकांनी भेटकार्डे जाळली, तो वाद आता निवला आहे आणि त्यात फार गुंतण्याचे कारण नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिकाच्या, जीवनक्रमात आपानक, म्हणजे मंडळींनी एकत्र बसून करावयाचे मद्यपान, सांगितले आहे. तेथे मधु, मैरेय, सुरा आणि आसव यांच्या जोडीला खारट, आंबट, कडू, तिखट चाखणाही आहे, आणि सुवसंतक नावाचा वसंतोत्सवही. एवढेच की ती गोष्ट गोष्ठीची, चारचौघांतली होती. दोघांपुरता, बंद दाराआडचा पेला हा प्रकार त्या मानाने नवा आहे आणि म्हणूनच त्याला साक्षीदार नसतो. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्टीतल्या आदिवासींत मोहाच्या दारूचे पहिले थेंब देवाला आणि पूर्वजांना शिंपडण्याची जी पद्धत आहे, तिच्यात निदान एवढे असते की पेला उघडपणे, नाव घेऊन सुरू होतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सांगून दिले की दोष संपला, असे म्हटले तर राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकराचे काय करायचे? 1919 मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुधाकराला पेल्यात काय आहे ते पूर्ण ठाऊक असते. तो शिकलेला, बुद्धिमान वकील आहे. त्याला कोणी फसवून पाजलेले नाही. अपमानाने पोळलेला असताना तळीरामाने पुढे केलेला तो पेला तो डोळसपणे घेतो आणि स्वतःबरोबर पत्नी सिंधूच्याही संसाराची राख करतो. येथे पेल्याचे ज्ञान होते, कमी पडले ते पेल्यानंतरच्या स्वतःचे ज्ञान. नाटकाच्या नावातला 'एकच' हा शब्द त्या अज्ञानाचाच आहे.

बौद्ध पंचशीलाने हा आक्षेप आधीच ओळखला होता. पाचव्या शीलात सुरा आणि मेरय यांपासून विरत राहण्याचे जे कारण दिले आहे ते द्रव्याच्या अपवित्रतेचे नाही, प्रमादाचे आहे. प्रमाद म्हणजे सावधपण सुटणे. इतर चार शीले, हिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांपासून दूर राहण्याची, ज्या जाणिवेच्या बळावर पाळायची तीच जाणीव मद्य विरघळवते, म्हणून पाचवे शील बाकीच्या चारांचे राखणदार ठरते. मनूच्या वर्गीकरणापेक्षा हे कारण कितीतरी भक्कम आहे, कारण ते जन्म पाहत नाही आणि मळी की सातू हेही विचारत नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष जोडप्यापुरता असा: सांगण्याला आणि विचारण्याला अर्थ आहे तो पहिल्या पेल्याच्या आधी. दुसऱ्या पेल्याला मिळालेला होकार पहिल्या पेल्यातून आलेला असतो. कायदाही येथे त्याच ठिकाणी येऊन पोहोचतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार नशेमुळे ज्या व्यक्तीला आपण कशाला संमती देत आहोत त्याचे स्वरूप आणि परिणाम समजत नाहीत, तिची संमती ही संमतीच नव्हे. जुन्या दंडसंहितेतही तरतूद तशीच होती. ज्या सणाचा सगळा डौल दोघांच्या होकारावर उभा आहे, त्या सणाला ही गोष्ट फार जवळची आहे, आणि विवाहित जोडप्यालाही ती लागू आहे असे नीतीने मानले पाहिजे, कायदा त्याबाबत काहीही म्हणो.

जाणतेपणाचा हा विचार सुखवस्तू घरापुरता नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या पेल्यात मिथेनॉल होते आणि ते त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. दारू पिण्याबद्दल त्यांना बोल लावणाऱ्यांची तेव्हा उणीव नव्हती. शुक्राचार्यांचा शाप अजून पिणाऱ्यावरच पडतो.

राहता राहिली ती एक अडचण, जी या तीन शहरांच्या घरांत खरोखर येते. दोघांपैकी एकाने चालियाच्या दिवसांत व्रत धरले असेल, माळ घातली असेल, बावीस प्रतिज्ञा मनापासून मानल्या असतील, किंवा उद्या शिवरात्र म्हणून आज संयम ठेवला असेल, तर दुसऱ्याने काय करावे? आग्रह करू नये हे सोपे उत्तर झाले. त्याहून अवघड उत्तर असे की व्रत न धरलेल्याने आपल्यापुरता पेला भरताना तो लपवूही नये आणि व्रतस्थाच्या पेल्यासारखा दिसूही देऊ नये. रस, लिंबू, आले, पाक हे सगळे दोघांसाठी एकाच पातेल्यात करून आधी व्रतस्थाचा पेला भरून घ्यावा, व्हिस्की नंतर आणि आपल्याच पेल्यात मोजून घालावी, बरणी त्या रात्री दोघांसाठी मिळून वापरू नये, आणि पेले वेगवेगळ्या आकाराचे घ्यावेत, म्हणजे बोलण्याच्या नादात हात चुकीच्या पेल्याकडे गेला तरी तो उचलण्याआधी ध्यानात यावा.